पिवळी पाटी दिसली की गाडी वळवणाऱ्यांसाठी : तुमचे अनुभव लिहा

गेल्या रविवारी पुन्हा एकदा बुटांना चिखल लावून आणि पोटात दोन स्कोन ढकलून घरी आले, तेव्हाच ठरवलं की हा धागा काढायचा.

इंग्लंड-वेल्समध्ये राहणाऱ्यांनी खेड्यातल्या वळणांवर त्या पिवळ्या पाट्या पाहिल्या असतील. बाग खुली, अमुक तारीख, दोन ते पाच, खाली बाण. मी पहिली चार वर्षं ती नर्सरीची जाहिरात समजत होते. मग शेजारच्या आजींनी समजावलं. नॅशनल गार्डन स्कीम म्हणजे एरवी फाटक बंद असलेल्या खासगी बागा वर्षातून एखाद-दोन दिवस उघडायच्या, आणि गोळा झालेले पैसे नर्सिंग आणि आरोग्याच्या कामाला द्यायचे. १९२६ मध्ये एल्सी वॅग नावाच्या बाईंनी ही कल्पना मांडली. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांसाठी निधी हवा होता. पुढच्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग, आणि ८,००० पौंडांवर रक्कम जमली. आता बागा तीन हजारांच्या वर आहेत. त्यात कुणाचं परसूही असतं आणि सरदारांचे वाडेही.

मला वाड्यांचं वेड. यंदा विल्टशरमधल्या एका मोठ्या घराची बाग पाहिली. घर बंदच होतं, फक्त बाग. फाटकाशी घडीच्या टेबलामागे एक आजोबा, पुढे चॉकलेटचा जुना पत्र्याचा डबा, त्यात नोटा आणि नाणी. कार्ड चालतं का विचारलं तर त्यांनी खिशातून यंत्र काढलं आणि रेंज शोधायला झाडाखाली जाऊन उभे राहिले.

फुलं सुंदर होती, पण मी अडकले ती भिंतीआडच्या भाजीमळ्यात. बारा-तेरा फूट उंच विटांची भिंत, आणि तिच्यावर पीचचं झाड पंजा उघडून चिकटवल्यासारखं सपाट वाढवलेलं. माळीबुवा म्हणाले, ही भिंत आतून पोकळ आहे. मागच्या बाजूला चूल पेटवायची, धूर आणि ऊब भिंतीतल्या नळ्यांतून फिरवायची, म्हणजे वसंतातल्या रात्रीच्या गारठ्याने मोहर जळत नाही. विटांत शेकडो गंजके खिळे आणि खिळ्यांची भोकं, दोनशे वर्षांत फांद्या बांधून बांधून झालेली. संध्याकाळी पाचला हात लावला तर भिंत चुलीशिवायच कोमट होती.

तुम्ही गेला असाल, तिथे राबला असाल, फजिती झाली असेल, तर लिहा. फोटो नकोत, ते सगळ्यांचे सारखेच येतात.

खिडकीतला मोगरा

आमची फजिती ऐका. साल आठवत नाही, पण आई रत्नागिरीहून आली होती आणि गौरी तोंडावर आल्या होत्या. आमच्याकडे तेरड्याची गौर असते, मुळांसकट उपटून वाजत-गाजत आणायची. लीड्सजवळ तेरडा कुठून आणणार? फोटोवर भागवू, असं ठरलं होतं.

त्याच रविवारी एका हवेलीची बाग चॅरिटीसाठी उघडी होती म्हणून आईला घेऊन गेलो. गुलाबांकडे तिने "हं, छान" इतपतच पाहिलं. बागेच्या टोकाला ओढा होता. तिथून तिची हाक आली, "अगं, हा बघ तेरडा!"

पुरुषभर उंच, गुलाबी-जांभळी फुलं, पान तेच, देठ तसाच रसरशीत. मी "आई, हात नको लावूस" म्हणेपर्यंत तिने एक मुळांसकट उपटलासुद्धा. आणि नेमका तेव्हाच हिरव्या जाकिटातला माळी पुलावरून आला.

माझी बोबडी वळली. तो मात्र आईकडे बघून म्हणाला, अजून हवेत का? सगळे घेऊन जा!

मग कळलं की हा आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊ. १८३९ मध्ये शोभेचं झाड म्हणून इकडे आणला, बागेतून ओढ्यात उतरला आणि आता नदीकाठं गिळत सुटलाय. एकेक झाड शेकड्यांनी बिया टाकतं. शेंगेला बोट लागलं की फट् करून फुटते, बी सात मीटरपर्यंत उडते. आईला हे सांगायची गरज नव्हती, लहानपणी हाच खेळ खेळलेली. माळीबुवांनी एकच अट घातली: शेंगा इथेच राहतील. दोघं ओढ्याकाठी बसून एकेक शेंग कागदी पिशवीत खुडत होते. भाषा दोघांचीही एकमेकांना कळत नव्हती. तिसऱ्या दिवशी गौरीचं विसर्जन कचऱ्याच्या काळ्या पिशवीत करावं लागलं, ओढ्यात सोडायची सोयच नाही. आई म्हणाली, गौर रागावणार नाही, पण तुमच्या कौन्सिलचं काही सांगता येत नाही.

खानदेशी

वरचा किस्सा एक नंबर. आमचा फारसा बागांशी संबंध नाही, बायको नेते म्हणून जातो. पण डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या वाड्याला गेलो होतो (ते चॅरिटी डेला नाही, रीतसर तिकीट काढून, खिसा हलका करून). तिथे कळलं की १८३० च्या सुमारास तिथल्या जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने काचघरात केळी लावली आणि मालकाच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश नाव दिलं. आमच्या जळगावची बसराई, ग्रँड नैन, श्रीमंती सगळी त्याच गोतातली. डर्बीशरच्या थंडीत उभं राहून रावेरला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ते ठीक आहे, भाव काय चाललाय तिकडे?"

कठड्यावरचा नंदी

वाड्यांचा विषय आहे तर सेझिनकोट लिहायलाच हवं. ग्लॉस्टरशरमध्ये, कॉट्सवोल्ड्सच्या मेंढ्यांच्या कुरणांत अचानक तांब्याचा हिरवट कांदेघुमट दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा करून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५ च्या सुमारास आपल्या वास्तुविशारद भावाकडून हे घर बांधून घेतलं. बागेतल्या हिंदुस्थानी गोष्टींसाठी सल्ला थॉमस डॅनियल या चित्रकाराचा. याच डॅनियलने १८०३ मध्ये जेम्स वेल्सने काढलेली वेरूळची चित्रं छापली होती. वेल्स म्हणजे पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवणारा. म्हणजे धागा थेट शनिवारवाड्यापर्यंत येतो.

बागेत सूर्याचं देऊळ आहे, तीन तोंडांचा नाग आहे, आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. देवळापुढे निर्माल्य नाही, तेलाचा ओघळ नाही, घंटा नाही, त्यामुळे मला ते नाटकाच्या नेपथ्यासारखं वाटत राहिलं. आवडलं, पण आत कुठेतरी चिडचिडही झाली. पैसा कुठून आला ते माहीत असल्यावर नुसतं "वा" म्हणता येत नाही.

बाबांचं तसं काही झालं नाही. ते सरळ नंदीजवळ गेले, शिंगांवर अंगठा आणि तर्जनी ठेवली आणि वाकून मधून पाहिलं, पिंडीचं दर्शन घेतात तसं. मी विचारलं, काय दिसलं? म्हणाले, "पाणी आहे. चालतंय."

मग पुलाखालून जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवर टेकले आणि उठायलाच तयार होईनात.

हा-हा

सदस्यनाम याच प्रकारातून घेतलंय. मोठ्या हिरवळीच्या कडेला उभा होतो, समोर गाई चरताहेत, मध्ये कुंपण नाही. गाई अंगावर येत नाहीत म्हणजे चांगल्या वळणाच्या असाव्यात, असं मानून चार पावलं पुढे गेलो. पुढे जमीनच नाही! घरातून बघताना कुंपण दिसू नये म्हणून जमिनीत खोल भिंत बांधून पलीकडे उतार काढतात, त्याला हा-हा म्हणतात. पाय मुरगळला. चहाच्या तंबूतल्या बाईंनी बर्फ दिला आणि केकचे पैसे मात्र घेतले, चॅरिटी म्हणजे चॅरिटी.

तंबूवाली

मी त्या तंबूतल्या बायकांपैकी, त्यामुळे पलीकडची बाजू सांगते. बाग मालकाची, पण दिवस उभा राहतो तो गावावर. कुणी शेतात पार्किंग बघतं, कुणी रोपांचं टेबल, आणि दहा-बारा घरांतून केक येतात. पैसा गेटइतकाच चहात आहे.

पहिल्या वर्षी मी हौसेने ओल्या नारळाच्या करंज्या नेल्या. साडेतीनपर्यंत एकही हलली नाही. लोक वाकून बघायचे आणि व्हिक्टोरिया स्पंज उचलायचे. शेवटी आमच्या तंबूप्रमुख बाईंनी (ऐंशीच्या आहेत, लष्करी शिस्त) माझी चिठ्ठी काढून नवी लिहिली: नारळाची गोड पेस्ट्री, दूध आणि गहू आहे, सुकामेवा नाही. वीस मिनिटांत ताट रिकामं. आता मी दर वर्षी रव्याचा केक नेते. करंज्या एवढ्या लाटायला कंबर राहिली नाही.

रोपांच्या टेबलाबद्दल एक इशारा. मी तिथूनच दोन पौंडांचं सुंदर फ्लॉक्स आणलं, कुंडीत पाहुणा म्हणून ग्राउंड एल्डर हे चिवट तण आलं. पांढरी मुळी बोटभरही राहिली तरी पुन्हा उगवतं. तीन वर्षं झाली, फ्लॉक्स मेलं, पाहुणा आहे. आणलेलं रोप आधी मुळांवरची माती झटकून बघा.

लेस्टरचं परसू

मोठ्या वाड्यांत आमचं काय काम, पण सांगतो. मला वाटलं आपलीही बाग उघडू. संस्थेच्या स्वयंसेवक बाई बघायला आल्या. स्वभावाने गोड, पण कसोटी स्पष्ट: आलेला माणूस साधारण पंचेचाळीस मिनिटं रमला पाहिजे. माझी बाग चालत अकरा पावलं. दुधी, मेथी, दोन गुलाब, एक तुळस. बाई तुळशीपाशी थांबल्या, वास घेतला, प्रश्न विचारले. मी मनात मिनिटं मोजत होतो. आमच्या सौ. मागून मराठीत म्हणाल्या, "चहा-पोहे द्या, दीड तास उठणार नाहीत."

बाईंनी सुचवलं की गल्लीतली चार-पाच घरं मिळून उघडा. आता शेजाऱ्यांना पटवतोय. एक तयार आहे, एकाला आपलं शेड कुणी बघू नये असं वाटतं.

पाऊसवाली

मी वेगळं लिहिणार आहे, धाग्याची गंमत घालवायची नाही.

सासूबाईंचं शेवटचं आजारपण आमच्या घरीच झालं. त्यांना हॉस्पिटल नको होतं. दिवसा डिस्ट्रिक्ट नर्स येऊन इंजेक्शनच्या पंपाचं बघून जायच्या, आणि शेवटच्या आठवड्यात तीन रात्री मेरी क्युरी या चॅरिटीच्या नर्स येऊन बसल्या. पहिल्या रात्री त्यांनी मला सांगितलं, तू झोप, काही झालं तर उठवीन. मी नऊ दिवसांनी सलग पाच तास झोपले. सकाळी उठले तर त्या सासूबाईंचे केस विंचरत होत्या, आणि सासूबाई त्यांना मराठीत काहीतरी रागाने सांगत होत्या. नर्सबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

दीड वर्षानंतर मैत्रिणीने एका बागेत नेलं. फाटकावरच्या फलकावर पैसे कुणाला जातात त्याची यादी होती, त्यात मेरी क्युरी. तिकीट सात पौंड होतं. मी पाकिटातली वीसची नोट दिली आणि सुटे घ्यायचे नाहीत म्हणाले, तर टेबलावरचे गृहस्थ हिशेब जुळणार नाही म्हणून अस्वस्थ झाले! शेवटी दोन तिकिटं फाडली आणि उरलेले वेगळ्या डब्यात टाकले. त्या दिवशी पाऊस इतका होता की बाग धड पाहिलीच नाही. ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटोंच्या वासात उभी राहिले.

धागाकर्ती

@पाऊसवाली, गंमत गेली नाही. फलकावरून आठवलं, डिस्ट्रिक्ट नर्स या प्रकाराची सुरुवातही अशाच एका घरातून झाली. लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची बायको घरीच आजारी होऊन गेली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन यांनाच त्याने १८५९ मध्ये पगार देऊन शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. एल्सी वॅगबाईंची बागांची कल्पना त्याच कामाच्या निधीसाठी.

@लेस्टरचं परसू, शेडवाल्याला सांगा, लोक शेडच बघायला येतात. आणि गल्ली ठरली तर तारीख इथे टाका.

@खिडकीतला मोगरा, आईंना नमस्कार. यंदा येणार आहेत का?

रविवारी मी ऑक्सफर्डशरमधल्या एका बागेत जातेय, रेडिंगहून निघणार. पाऊस सांगितलाय. गाडीत दोन जागा आहेत, पण मागच्या सीटवर पायाशी कुंड्या येतील, आणि मी प्रत्येक कुंडी उपडी करून मुळं बघणार आहे, तेवढा वेळ धरून चाला.