रेणुसूत्र काढताना दोन हायड्रोजन कमी पडतायत, कुणी सांगेल का?

दहावीची आई:
मुलीला गणित आलंय, हायड्रोकार्बनमध्ये कार्बन ८५.७%, हायड्रोजन १४.३%, रेणुवस्तुमान ५६, तर रेणुसूत्र काढा. तिनं ८५.७ ला १२ ने भागलं, ७.१४ आलं, हायड्रोजनचे १४.३, म्हणजे १ ला २, सीएच२ लिहून मोकळी झाली. मागे उत्तर सी४एच८ दिलंय. आता ती म्हणते चार कार्बन म्हणजे ब्युटेन आणि ब्युटेनला १० हायड्रोजन असतात, मग दोन गेले कुठे? मला पण सांगता येईना.

खडूफळा:
ताई, तिचं निम्मं बरोबर आहे. सीएच२ हे नुसतं गुणोत्तर झालं, त्याचं वजन १२+२=१४, आणि ५६ भागिले १४ म्हणजे ४, म्हणून सगळं चारपट, सी४एच८. दोन हायड्रोजनचं म्हणाल तर कणकेचे चार गोळे घ्या, एका ओळीत ठेवून मध्ये एकेक काडी खुपसा, मग प्रत्येक गोळ्याला एकूण चार काड्या होतील एवढ्या लावा कारण कार्बनची संयुजा, म्हणजे तो किती बंध करतो ते, ४. काडीचं एक मोकळं टोक म्हणजे एक हायड्रोजन, ती टोकं मोजायला लावा, कडेला ३-३, मधल्यांना २-२, झाले १०. हे ब्युटेन, आपल्या गॅस सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर असतं ते. आता शेजारच्या दोन गोळ्यांची एकेक मोकळी काडी काढून त्या दोघांमध्येच दुसरी काडी लावा. टोकं उरली ८. दुहेरी बंध झाला, ब्युटीन! सूत्रं पाठ करून घेऊ नका हो, एकदा हातानं केलं की विसरत नाहीत पोरं.

लॅबकोट:
बरोबर, फक्त एक भर, दोन्ही कडेचे गोळे एकमेकांना जोडून गोल केला तरी टोकं ८च उरतात, ते सायक्लोब्युटेन. म्हणजे नुसत्या सी४एच८ वरून कुठलं ते कळत नाही. ब्रोमीनचं पाणी घातल्यावर रंग गेला तर ब्युटीन धरायचं, सायक्लोब्युटेननं तो असा पटकन जात नाही.

दहावीची आई:
केलं! तिनं आपणहून तिसरी काडी लावून सी४एच६ पण काढलं. आता विचारतेय बेंझीनला ६च हायड्रोजन कसे.

खडूफळा:
वा! बेंझीनमध्ये कार्बन सहा, आणि सहा कार्बनच्या सरळ ओळीला, म्हणजे हेक्झेनला, हायड्रोजन १४, म्हणजे ८ कमी, चार जोड्या. एक जोडी गोल करताना गेली, उरलेल्या तीन जोड्यांचे तीन दुहेरी बंध. सहा गोळे घेऊन बसा.