मदत हवी: 'पडता घोडेस्वार' प्रकारचं रोमन नाणं, १३ मिमी. टांकसाळीचं नाणं की नक्कल?

ब्रिटनमधल्या मिश्र लॉटमधलं तांब्याचं नाणं. व्यास १३ मिमी, वजन १.१ ग्रॅम. एका बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेलं डोकं, दुसरीकडे भाला मारणारा सैनिक आणि घोड्यावरून कोसळणारा शत्रू. 'फेल टेम्प रेपारातिओ' (सुखाचे दिवस परत आले) या लॅटिन मजकुरापैकी 'फेल' लागतं, पुढे नुसत्या उभ्या रेघा. रोमन सम्राट दुसऱ्या कॉन्स्टान्शियसचं कडा कापलेलं नाणं, त्याच काळातली नक्कल, की आजचं बनावट? कडेला फिकट हिरवी भुकटीही आहे.

प्रतिसाद:
वजनावर जाऊ नका. इ.स. ३४८ मध्ये हा प्रकार निघाला तेव्हा नाणं पाच ग्रॅमच्या आसपास होतं, ३५३ नंतर अडीचच्या घरात आलं. ठशाचा आकार बघा. कापलेल्या अस्सल नाण्यात चित्र मोठं आणि चकती लहान, त्यामुळे अक्षरं अर्धवट तुटतात. १३ मिमीत मण्यांचं कडं, अक्षरं, घोडा सगळं मावलं असेल तर ठसाच लहान कोरलाय, म्हणजे नक्कल. नुसत्या रेघांवर विसंबू नका. झिजलेल्या अक्षरांच्याही रेघाच उरतात, पण मग सम्राटाचे केसही तितकेच झिजलेले हवेत.

३५३ मध्ये बंडखोर सम्राट मॅग्नेन्शियस संपला, त्याची नाणी बाद झाली आणि गॉल (साधारण आजचा फ्रान्स) व ब्रिटनमध्ये चिल्लरची टंचाई आली. लंडनची टांकसाळ तर ३२५ च्या सुमारासच बंद पडली होती. बाजार चालवायला लोकांनी स्वतःच नाणी पाडली. त्यांना सरसकट 'खोटी' म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद:
भिंग घेऊन तिरक्या उजेडात घोड्याच्या आसपास बघा. जुन्या 'ग्लोरिया एक्सेर्सितुस' (सैन्याचा गौरव) मजकुराच्या नाण्यांवरच नवा ठसा मारलेल्या नकला सापडतात. खालच्या जुन्या ठशातले दोन सैनिक किंवा मधला ध्वज पुसटसा दिसतो. तसं दिसलं तर आजच्या बनावटीची शंका बरीच कमी होते. ओतीव बनावटीत बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याच्या खुणा असतात.

धागाकर्ता:
कडं जवळपास पूर्ण दिसतंय आणि केसांच्या रेघा ठळक आहेत. म्हणजे नक्कलच. भुकटीचं काय करू?

प्रतिसाद:
भुकटी खरवडल्यावर परत येत असेल तर 'ब्राँझ डिसीज'. तांब्याचे क्लोराइड क्षार ओलाव्यात धातू खात राहतात. लिंबू-व्हिनेगर अजिबात नको, पॅटिना (धातूवरचा जुना थर) जाईल. भुकटी लाकडी टूथपिकने काढा, नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा. काही आठवडे लागतात. मग पूर्ण सुकवून सिलिका जेलसह हवाबंद डबीत ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा आणि पावसाळ्यात जेल वेळोवेळी तापवून कोरडं करा. बाकीच्या नाण्यांपासून तोवर वेगळं ठेवलेलं बरं.