पॉवरपॉइंट: फोटोखाली दडलेले आकार कसे निवडायचे?

प्रश्न: मोठ्या फोटोखाली चार चौकोन आहेत, क्लिक केलं की फोटोच निवडला जातो. चौकोनांमधलं अंतरही सारखं करायचंय. ग्रुप (आकार एकत्र बांधण्याचा) हा पर्याय फिका दिसतोय.

उत्तर: ऑल्ट + एफ१० दाबा, सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूंची यादी, उघडेल. यादीत सर्वांत वरचं नाव म्हणजे सर्वांत पुढची वस्तू. फोटोसमोरचा डोळा बंद करा, चौकोन मोकळे होतील. नावंही बदलाच; 'रेक्टँगल ७' वरून पुढे काही कळत नाही.

उत्तर: अंतरासाठी चारही निवडा, अलाइनमध्ये आधी 'अलाइन सिलेक्टेड ऑब्जेक्ट्स', मग 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली'. 'अलाइन टू स्लाइड'वर खूण राहिली तर चौकोन पूर्ण रुंदीत पसरतात. ग्रुप फिका आहे, म्हणजे एकच वस्तू निवडलेली असेल किंवा निवडीत शीर्षकाची चौकट किंवा तक्ता आला असेल.

उत्तर: ग्रुप आधी, अ‍ॅनिमेशन नंतर. सुट्या आकारांना दिलेलं अ‍ॅनिमेशन ग्रुप करताच निघून जातं.