आठवणी पळवणाऱ्या पिशाच्चाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नमस्कार. आम्ही मित्रमंडळी मुलुंडला रविवारी जमून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या धर्तीवरचा, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कथा पुढे नेण्याचा खेळ मराठीतून खेळतो. खेळ चालवायचं काम माझ्याकडे आहे. कथा मुंबईची सात बेटं सुटी होती त्या काळात बेतली आहे. खाड्या, कोळीवाडे, ताडाची बनं आणि मधोमध मुंबादेवीचं ठाणं. त्यात माणसांच्या आठवणी चोरणारं एक दुष्ट पात्र आणायचं आहे. 'स्मृतिचोर', 'विस्मृतासुर' आणि 'अपस्मार' अशी नावं सुचली. त्यातलं 'अपस्मार' मला फार आवडलं. नटराजाच्या पायाखाली असतो तो हाच ना? शिवाय नियमपुस्तकातल्या 'फीन्ड'ला, म्हणजे दुष्ट शक्तींच्या वर्गाला, राक्षस म्हणावं, असुर की पिशाच्च?

प्रतिसाद

हो, अपस्मार तोच. शब्दातच स्मरण निघून जाणं आहे. तमिळमध्ये त्याला मुयलकन म्हणतात. चोळांच्या कांस्यमूर्तींत शिवाचा उजवा पाय त्याच्या अंगावर आणि डावा उचललेला असतो. परंपरा सांगते की त्याला मारलेलं नाही, नुसतं दाबून ठेवलं आहे. ही कल्पना जरूर घ्या: हे पात्र मरत नाही, कुणीतरी सतत पाय रोवून उभं राहावं लागतं आणि पाय उचलला की ते सुटतं.

नाव मात्र घेऊ नका. आयुर्वेदात अपस्मार म्हणजे फेफरं, आपण 'फिट येणं' म्हणतो तो आजार. चरकसंहितेतली त्याची व्याख्याच स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांच्या संप्लवावर, म्हणजे ती ढवळून निघण्यावर, उभी आहे, आणि आजच्या आरोग्यविषयक मराठी लेखनातही हाच शब्द चालतो. फिट आलेल्या माणसाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेणारी घरं अजून आहेत. त्या आजाराचं नाव पुन्हा एका पिशाच्चाला चिकटवणं मला पटत नाही. तुमच्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी तो आजार असेल, तर खेळाची सगळी मजा तिथेच संपेल. 'स्मृतिभ्रंश'चंही तेच. गीतेत तो 'स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो' असा येतो, पण आज तो शब्द डिमेन्शियासाठी रूढ झाला आहे.

राक्षस की असुर, याचं उत्तर सोपं आहे. 'राक्षस' टाळा. हा खेळ १९७४ सालचा, आणि १९७७ पासून त्याच्या नियमपुस्तकांत 'राक्षस' नावाचा वेगळाच प्राणी बसलेला आहे: वाघाचं तोंड आणि उलटे तळहात. आपल्या भुतांचे पाय उलटे, त्यांच्या राक्षसाचे हात उलटे. ज्यांनी इंग्रजी पुस्तकं वाचली आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही 'राक्षस' म्हणताच तोच वाघ येईल. दैत्य दितीचे, दानव दनूचे, म्हणजे ती घराण्यांची नावं झाली. 'पिशाच्च' मात्र मोकळं आहे, आणि मराठीत पिशाच्चाची बाधा होते. तुम्हाला बाधाच हवी आहे.

आता मूळ मुद्दा. आठवण चोरणं, खाणं, पुसणं आणि हरणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नाव ठरवण्याआधी तुमचं पिशाच्च यातलं काय करतं ते ठरवा. चोरलेला माल कुठेतरी शाबूत असतो. त्याची पोतडी शोधता येते, मुद्देमाल परत मिळवता येतो. खाल्लेलं परत येत नाही. पुसलेल्या पाटीवर निदान अंधूक खुणा राहतात. 'हरण' या शब्दात दोन्ही आहे: सीताहरणात सीता सुखरूप परत येते, पण पापहरणात पाप उरत नाही. म्हणून नावात 'हर' असेल तर आपली आठवण परत मिळणार की नाही, हे खेळाडूंना नावावरून कळत नाही. हा मोठा फायदा आहे.

आणि असं एक नाव पुराणात आहे. मार्कंडेय पुराणात दुःसह आणि निर्मार्ष्टि या जोडप्याची अपत्यं सांगितली आहेत, आठ मुलगे आणि आठ मुली. प्रत्येकाचा उपद्रव ठरलेला. एक मुलगी स्वयंहारकरी, ती खळ्यावरचं धान्य, गाईचं दूध, तिळातलं तेल गुपचूप नाहीसं करते. एक भ्रामणी, एक विद्वेषिणी. आणि एक स्मृतिहरा. ती बायकांची आठवण हरण करते. विस्मृतासुर वगैरे घडवत बसायची गरजच नाही, तुमचं पात्र नावागावासकट तयार आहे. तिला सात बहिणी आणि आठ भाऊही आहेत, म्हणजे पुढच्या दोनतीन मोहिमांची सोय झाली.

प्रतिसाद

स्मृतिहरा सुंदर आहे, पण कोळीवाड्यातली म्हातारी "हिला स्मृतिहरेनं धरलंय" असं कधी म्हणेल का? आमच्याकडे कुडाळच्या बाजूला रात्री माणूस वाट चुकून एकाच बांधाभोवती फिरत राहिला, तर "चकवो लागलो" म्हणतात. त्याच धर्तीवर 'भुलवा' कसा वाटतो? भूल पडणं, रानभूल हे शब्द आहेतच.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. 'भुलवा' मला चटकन आवडला. आमच्यातले दोघं घरी हिंदी बोलतात, त्यांना 'भूल गया'वरून अर्थ लगेच लागेल. 'स्मृतिहरा' ऐकल्यावर मात्र माझ्या बहिणीला ती देवी वाटली. तेवढी अडचण आहे.

प्रतिसाद

आधी बहिणीचं. तिला देवी वाटली हे उत्तमच झालं. 'सुखकर्ता दुखहर्ता' म्हणत आपण वाढलो. 'हर' असलेल्या नावापुढे आपले हात आपोआप जुळतात. त्याचाच उपयोग करा. समुद्रावर गेलेला नवरा परत आला नाही, अशी एखादी बाई स्वतःहून तिच्याकडे येते आणि म्हणते, 'हे दुःख हर.' ती हरते. दुःख जातं, त्याबरोबर नवऱ्याचं तोंडही जातं, आणि पोर दारात उभं राहून 'बाबा कुठायत' विचारतं तेव्हा आईला प्रश्नच कळत नाही. तुमच्या नियमपुस्तकात दोन जाती आहेत ना, ओरबाडणारे बेबंद डेमन आणि करारावर सही घेणारे डेव्हिल? ही दुसऱ्या जातीची. हिला कुणी नवस बोलल्याशिवाय काही नेता येत नाही, असा नियम करा.

'भुलवा'बद्दल माझं मत वेगळं आहे. हिंदीत भूलना म्हणजे विसरणं, पण मराठीत भुलणं म्हणजे मोहात पडणं. रूपाला भुलतो, थापांना भुलतो. दवाखान्यात भूल देतात तेव्हा शुद्धच जाते, आणि ती देणारा भूलतज्ज्ञ. मराठी खेळाडूला 'भुलवा' म्हणजे मोहिनी घालणारं काहीतरी वाटेल आणि तो भलत्याच तयारीने उतरेल.

चकव्याचा साचा मात्र अगदी बरोबर पकडलात, तो सोडू नका. चकवणे यावरून चकवा, तसा विसरवणे यावरून 'विसरवा'. पिशाच्चाचं नाव मराठीत रुजायचं तर त्याला क्रियापद मिळावं लागतं. भूत लागतं, हडळ धरते, चकवा लागतो किंवा पडतो. 'विसरवा' लावून पाहा: "तिला विसरवा लागलाय." "त्या वाटेनं जाऊ नका, विसरवा पडतो." "विसरव्यानं त्याचं नाव नेलं." तिन्ही वाक्यं कुठेही अडखळत नाहीत, कारण 'विसर पडणं' आपल्या तोंडात आधीपासून आहे. 'विस्मृतासुर लागला' असं मात्र म्हणवत नाही.

म्हणून दोन्ही नावं ठेवा. लोक म्हणतात विसरवा, पोथीत लिहिलेलं असतं स्मृतिहरा. दोन्ही एकच आहेत हे खेळाडूंना सुरुवातीला सांगू नका. ते गावोगाव विसरवा शोधत फिरतील आणि त्याच वेळी स्मृतिहरेच्या देवळात नारळ वाढवतील.

तुमच्या मुंबादेवीच्या ठाण्याला हे आणखी एका कारणाने जुळतं. दंतकथेत देवीने मुंबारक नावाच्या दैत्याला हरवलं, तेव्हा 'माझं नाव तू धारण कर' एवढंच त्याने मागितलं. म्हणजे हरलेल्याची आठवण देवीच्या नावात राहिली, आणि त्या दंतकथेप्रमाणे शहराच्याही. स्मृतिहरेला या बेटांवर सगळ्यात जास्त काय हवं असेल? माझ्या मते तेच नाव. ते गेलं की देवीला आपण कुणाला आणि का हरवलं हेच आठवणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

हे थेट वापरतो. शेवटचं एक. नियमपुस्तकात आठवण बदलण्याचा एक मंत्र आहे, पण तो साधारण गेल्या चोवीस तासांतल्या जास्तीत जास्त १० मिनिटांच्या घटनेवर चालतो. त्याहून जबर काय द्यावं? आणि 'स्मृतिहरा' लिहिताना ति ऱ्हस्व की दीर्घ?

प्रतिसाद

मिनिटं मोजूच नका. परशुरामाने कर्णाला दिलेला शाप आठवा. विद्या रोज आठवत होती, ऐन वेळी तेवढी गेली. इथेही खेळाडूने स्वतःच्या पात्राची एक आठवण चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे द्यायची. ती कधी जाणार हे तुम्ही ठरवायचं, आणि गेल्यावर त्या खेळाडूने ती गोष्ट उच्चारायचीसुद्धा नाही. परत मिळवायला जांबवानाची युक्ती चालेल: हनुमंताला त्याची शक्ती दुसऱ्याने सांगितल्यावरच आठवली. तशी ती आठवण सोबत्यांपैकी कुणीतरी, ऐकलेली असेल तर, त्याला सांगायची. मग खेळाडू आपापली कहाणी एकमेकांना सांगून ठेवायला लागतील.

ति ऱ्हस्व. सुटा शब्द 'स्मृती' दीर्घ, समासात 'स्मृतिहरा'. विभक्तीत स्मृतिहरेला, स्मृतिहरेने. आणि विसरव्याला, विसरव्याने, अनेकवचन विसरवे.