मदत हवी आहे: नवीन कर्नलवर जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम चालत नाही

भोसरीच्या वर्कशॉपमधल्या टेस्ट बेंचवर मोजमापाचा जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम आहे. त्याचा सोर्स नाही, बनवणारी कंपनीही बंद झाली. मोजमापाच्या कार्डाच्या ड्रायव्हरचा सोर्स मात्र आहे. नवीन पीसी ६४ बिटचा, डेबियन १२. बेंच लवकर सुरू व्हावा म्हणून नको ते पर्याय काढून ६.१ कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल केला. डेबियनच्या तयार कर्नलवर प्रोग्रॅमची स्क्रीन उघडते, आमच्या कर्नलवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते. शिवाय रिपोर्टचा भाग सेंटओएस ६ (जुनं लिनक्स) च्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वातावरणात आहे, तो १३९ कोड देऊन लगेच बंद पडतो. कुठले पर्याय परत चालू करू?

कर्वेरोड
या दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत, एकत्र सोडवू नका.

पहिली: मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) 'बायनरी इम्युलेशन्स'खालचं 'आयए३२ इम्युलेशन' चालू करा; ६४ बिटच्या कर्नलवर ३२ बिटचे प्रोग्रॅम त्यानेच चालतात. शेजारचा 'एक्स३२' पर्याय नावाने फसवतो; तो निराळा एबीआय (प्रोग्रॅमने कर्नलशी बोलायची बायनरी पद्धत) आहे, जुन्या प्रोग्रॅमला त्याचा उपयोग नाही. आणि 'नो सच फाइल' अशी एरर आली असती, तर दोष कर्नलचा नसून ३२ बिटचा लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा) किंवा ग्लिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) नसल्याचा असता. तुमच्याकडे तयार कर्नलवर चालतंय म्हणजे लायब्रऱ्या जागेवर आहेत.

दुसरी: १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगमेंटेशन फॉल्ट (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद पडणं). सेंटओएस ६ मधली जुनी ग्लिबसी वेळ विचारायला व्हीसिसकॉलच्या (कर्नलला झटपट हाक मारायची जुनी सोय) ठरलेल्या पत्त्यावर उडी मारते, आणि ते मेमरीचं पान तुम्ही बंद केलेलं दिसतंय. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) 'व्हीसिसकॉल अटेम्प्टेड' अशी ओळ शोधा. सापडली तर बूट पॅरामीटरमध्ये 'व्हीसिसकॉल=एक्सओन्ली' द्या. त्यासाठी 'व्हीसिसकॉल इम्युलेशन' कर्नलमध्ये असलंच पाहिजे. तेच काढलं असेल तर पॅरामीटर देऊन काही होणार नाही.

सिंहगडपायथा
वरच्या उत्तरात एक खाचखळगा राहिला. आयए३२ बंद असताना सेव्ह झालेल्या कॉन्फिग फाइलमध्ये '३२ बिट टाइम_टी'चे (३२ बिटमध्ये वेळ ठेवणारा जुना प्रकार) सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला मारायच्या हाका, 'नॉट सेट' म्हणून नोंदले जातात. नंतर आयए३२ चालू केलं तरी ती जुनी नोंद तशीच राहते. मग प्रोग्रॅम सुरू होतो, पण नॅनोस्लीप किंवा क्लॉक_गेटटाइम केल्यावर 'फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड' मिळू शकतं. तो पर्याय हातानेच चालू करा. १९ जानेवारी २०३८ नंतर तो प्रोग्रॅम वेळ चुकवेलच, त्यावर कर्नलकडे इलाज नाही.

धागाकर्ता
दोन्ही जमलं, कंटेनरही चालतोय. आता स्क्रीन येते, पण कार्ड उघडताना 'इनअ‍ॅप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' (आयओसीटीएल म्हणजे ड्रायव्हरला क्रमांक देऊन सांगितलेलं काम). तीच कामं करणारा ६४ बिटचा चाचणी प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो.

कर्वेरोड
मग ड्रायव्हर बघा. त्यात फक्त 'अनलॉक्ड_आयओसीटीएल' भरलेलं असणार; ३२ बिटच्या प्रोग्रॅमची हाक 'कंपॅट_आयओसीटीएल'कडे जाते, आणि तो रकाना रिकामा असला की कर्नल हीच एरर देतो. पाठवलेल्या स्ट्रक्चरची (माहितीच्या गठ्ठ्याची) मांडणी दोन्हीकडे एकच असेल तर तिथे कर्नलमधलं तयार 'कंपॅट_पीटीआर_आयओसीटीएल' लावा, काम झालं.

पण आधी स्ट्रक्चर तपासा, घाई इथेच नडते. लाँग आणि पॉइंटर ३२ बिटमध्ये ४ बाइटचे, ६४ मध्ये ८ चे. नुसतं यू३२ आणि त्यामागे यू६४ (३२ आणि ६४ बिटचे पूर्णांक) असलं तरी फरक पडतो: आय३८६ वर (३२ बिटवर) यू६४ चार बाइटच्या सीमेवर बसतो, म्हणून स्ट्रक्चर १२ बाइटचं, ६४ बिटवर आठच्या सीमेवर, म्हणून १६ चं. स्ट्रक्चरचा आकार आयओसीटीएलच्या क्रमांकातच गुंफलेला असतो, त्यामुळे क्रमांकही वेगळा पडतो आणि ड्रायव्हरमधला एकही केस (त्या क्रमांकासाठी लिहिलेला भाग) जुळत नाही. असं असेल तर 'कंपॅट_यू६४' वापरून दुसरं स्ट्रक्चर लिहा, त्याच्या क्रमांकाचे केस वेगळे ठेवा आणि एकेक फील्ड हाताने उतरवा. आकार नजरेने मोजू नका. मॉड्यूल डीबग माहितीसह बांधा आणि पाहोल (स्ट्रक्चरची मांडणी आणि आकार दाखवणारं साधन) चालवा. प्रोग्रॅम नेमका कुठला क्रमांक पाठवतोय ते एसट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून बघता येईल.