गोव्यातल्या फोंड्याचा जुना वॉरगेम क्लब पुन्हा उभा करायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. क्लब वॉरगेमचा, म्हणजे इतिहासातल्या लढाया टेबलावर सोंगट्या आणि फाशांनी खेळायचा. वीस वर्षांहून जुना आहे, गेली चार वर्षं बंद. शिल्लक सामान असं: एका लाकडी कपाटात १५ मिमीच्या शिशाच्या साधारण २०० मिनिएचर, म्हणजे छोटे सैनिक (रोमन आणि त्यांच्याशी लढलेले गॉल), हेक्स म्हणजे षटकोनी घरांच्या नकाशांवर खेळायच्या खेळांचे सात खोके आणि सहा बाय चार फुटांचं एक टेबल, ज्याचा एमडीएफ कडांना फुगलाय. नक्की येतील असे पाच जण आहेत. आणखी सात-आठ जुने सदस्य दुबई, लंडन, लिस्बन आणि पुण्यात. देवळाच्या सभागृहाची लहान खोली महिन्यातून एक रविवार मिळू शकते. पाच जणांवर क्लब चालतो का, बाहेरच्यांना कसं जोडून घ्यायचं, आणि पावसाळ्यात सामान कसं टिकवायचं?

हेक्स_आणि_फासे
पाच जण भरपूर झाले. क्लब माणसं कमी पडून क्वचितच बंद पडतो. प्रत्येक बैठकीच्या आधी कोणीतरी एकट्याने दोन-दोन तास मांडणी करत असतो. तो थकला की सगळंच थांबतं. म्हणून आधी मांडणीचा वेळ कमी करा.

तुमच्याकडे रोमन आणि गॉल आहेतच, तर डीबीएने सुरुवात करा, प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचे हे छोटे नियम आहेत. एका बाजूला फक्त १२ तुकड्या, १५ मिमीसाठी प्रत्येक तुकडीचा पाट (सैनिक चिकटवायचा तुकडा) ४० मिमी रुंद. ६० सेंमी चौरस पटावर डाव होतो. आपल्या पाळीला एक फासा टाकायचा, जितके आले तितक्या तुकड्या किंवा गट हलवायचे. चार तुकड्या गमावल्या आणि समोरच्याच्या त्याहून कमी गेल्या असल्या की हार. सरावल्यावर तासाभरात डाव संपतो. एका सैन्याला ३५ ते ४५ मिनिएचर पुरतात, म्हणजे २०० मधून क्लबच्या मालकीची चार सैन्यं बसतील. हे फार महत्त्वाचं आहे: नवा माणूस रिकाम्या हाताने आला तरी त्याला लगेच खेळायला बसवता आलं पाहिजे. ‘आधी सैन्य विकत घे, रंगव, मग ये’ म्हटलं तर तो परत दिसत नाही.

वार ठरवा आणि तो बदलू नका. दुसरा रविवार, दुपारी साडेतीन ते सात. सकाळी कोणाला चर्चमध्ये मीसला, कोणाला देवळात जायचं असतं, आणि जेवणासाठी कोणाला डावावरून उठवावं लागू नये. चतुर्थी आणि शिगम्याच्या महिन्यात बैठक रद्दच करा, पुढे ढकलू नका. एकदा ढकलली की तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही.

संस्थेच्या नोंदणीची घाई नको. त्यासाठी किमान सात जण लागतात, पुढे दरवर्षीचे कागदही आले. सहा महिने रोख वर्गणी आणि एक वही पुरे.

म्हापसा_मिनिएचर
टेबलाचं सांगतो. फुगलेला एमडीएफ पुन्हा बसत नाही, टाकून द्या. ८ बाय ४ ची १२ मिमी मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. दुकानातच कापून घ्या: ३ बाय ४ चे दोन तुकडे झाले तुमचं टेबल, आणि उरलेला २ बाय ४ चा तुकडा फासे, नियम, चहा ठेवायला. प्रत्येक मोठा तुकडा नऊ किलोच्या आसपास भरतो, एक माणूस जिन्याने नेऊ शकतो. घोड्या लोखंडी, घडीच्या. कापलेल्या कडांना पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात द्या, पाणी आधी तिथूनच शिरतं. वर हिरवी बनात (जाड लोकरी कापड).

टेकड्या थर्माकोलच्या करणार असाल तर स्प्रे रंग थेट मारू नका, द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. आधी भिंतीच्या इमल्शनचे दोन जाड हात, मग हवं ते.

पावसाळ्यात स्प्रे वार्निश अजिबात नको. हवेतला ओलावा त्या थरात अडकतो आणि रंगवलेल्या सैनिकावर पांढरट धुकं बसतं. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचं ॲक्रिलिक वार्निशच वापरा. आधीच पांढरं पडलं असेल तर वरून ग्लॉसचा एक पातळ हात देऊन बघा, बऱ्याचदा धुकं जातं. वाळल्यावर पुन्हा मॅट.

हेक्स खेळांचे काउंटर (पुठ्ठ्याच्या छापील सोंगट्या) आणि नकाशे रबराची कड असलेल्या प्लास्टिक डब्यात ठेवा. पन्नास लिटरच्या डब्याला २५० ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे निळे खडे). खडे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास, परत वापरा. बुरशी आलेले काउंटर उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो आणि छपाई उडते. पंख्याखाली वाळवून सुक्या मऊ ब्रशने झाडा. नकाशा बहुधा २२ बाय ३४ इंचांचा असेल; त्या मापाचा ३ मिमी ॲक्रिलिक कापून वर ठेवला की घड्या सपाट बसतात आणि घामट हात नकाशाला लागत नाही.

लॉगफाईल
बाहेरच्या मंडळींसाठी व्हॅसल, म्हणजे असे खेळ संगणकावर दुरून खेळायचा प्रोग्रॅम. फुकट आहे, हेक्स खेळांचे खूप मॉड्यूल (एकेका खेळाच्या फाईली) मिळतात. दोन पद्धती आहेत: सर्व्हरवर एकत्र बसून, किंवा लॉगफाईल (खेळींची नोंद असलेली फाईल) ईमेलने पाठवत. दुबई आपल्यामागे दीड तास, तिथल्यांशी रात्री साडेनऊला एकत्र बसता येतं. लंडन आणि लिस्बन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे, त्यांच्याशी ईमेलचा डाव बरा. आठवड्याला एक पाळी.

नेहमी अडतं ते इथे. एक: दोघांकडे मॉड्यूलची आवृत्ती एकच हवी, नाहीतर सोंगट्या गायब होतात किंवा फाईल नीट उघडत नाही. आवृत्तीचा आकडा ईमेलच्या विषयातच लिहा. दोन: खेळी करायच्या आधी लॉगफाईल सुरू करावी लागते. विसरलात तर समोरच्याला तुमचे फासे दिसणार नाहीत, फक्त शेवटची मांडणी दिसेल, आणि मग वाद. तीन: व्हॅसलचा पासवर्ड डाव चालू असताना बदलू नका. तुमची बाजू तुमची आहे हे तो त्यावरूनच ओळखतो. बदललात तर स्वतःच्याच सैन्याला कुलूप लागतं.

व्हॉट्सॲप फक्त ‘रविवारी कोण येतंय’ यासाठी. नियमांची चर्चा डिस्कॉर्डवर, प्रत्येक खेळाला वेगळी खोली. व्हॉट्सॲपवर दिलेलं नियमाचं उत्तर आठवड्यात शुभेच्छांखाली गाडलं जातं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. जुन्या सदस्यांना मात्र गटात घालून मोकळे होऊ नका, एकेकाला फोन करा, आणि ‘येशील का’ न विचारता ‘अमक्या तारखेला अमका डाव, गॉल तू घेशील का’ असं विचारा.

खाजणकाठ
एक सूचना. फोंड्यातला क्लब आहे, तर फोंड्याचा डाव ठेवा. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजी महाराज कुमक घेऊन आले आणि त्याला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मराठ्यांनी रात्री जुवे बेट घेतलं. गावातल्या शाळकरी मुलांना रोमन आणि गॉल परके, हे नव्हे.

डीबीएचा काळ १५०० पर्यंतच, म्हणून बंदुकांसाठी नियम स्वतः बांधावे लागतील, पण छोटे ठेवा. जुव्याच्या डावात भरती-ओहोटीला महत्त्व द्या: दर तीन फेऱ्यांनी पाण्याची पातळी बदलायची. ओहोटीला खाजणातून (खाडीकाठच्या सखल जमिनीतून) अर्ध्या चालीने जाता येतं, भरतीला फक्त बांधावरून, एकामागून एक. बांध म्हणून दोन सेंमी रुंद पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पाणी म्हणून निळं कापड. भरती आली की ते मुलांच्याच हातून अंथरून घ्या. १९६१ च्या मुरगाव बंदरातला डावही मागतील लोक, पण पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोंसो द अल्बुकर्क’ एकटी आणि समोर भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’, ‘बियास’. तोल राहत नाही. तिथे जिंकणं बुडवण्यावर नको, किती फेऱ्या टिकली यावर मोजा.

फोंडेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लाय आणि डबे या आठवड्यात आणतो. एक राहिलं: काही रोमनांच्या पायांवर पांढरी भुकटी आली आहे. घासून काढू का?

म्हापसा_मिनिएचर
घासू नका, फुंकूही नका. ते शिशाचं कार्बोनेट आहे, विषारी. लाकूड, प्लाय आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटते, ओलाव्यात ती शिसं खाते. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बांधून टाका. व्हिनेगर लावा म्हणून कोणी सांगेल, ऐकू नका, तेही आम्लच. पाय ठिसूळ झाले असतील तर तो सैनिक बाजूला काढा. बाकीचे पूर्ण सुकवून, वार्निश करून पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. त्या लाकडी कपाटात परत नको, तिथे फक्त नियमांच्या वह्या. आणि मुलं खेळायला येणार असतील तर डाव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ वाटू नका.