अनुभव धागा: कच्च्या भाज्यांवर पोटभर जेवण होतं का तुमच्याकडे?

मंद्रूपची_लेक

काल सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत करडईच्या कोवळ्या जुड्या दिसल्या. हंगामातल्या पहिल्याच. हातात घेतली आणि आत्याचं शेत डोळ्यासमोर आलं. ज्वारीच्या कडेकडेनं करडईच्या ओळी असायच्या. मोठी झाली की ती काटे धरते, मग जनावर आत शिरत नाही. पण कोवळी असते तेव्हा तिच्यासारखी भाजी नाही.

आत्या त्याचा घोळाणा करायची. पानं विळीवर बारीक चिरून परातीत, त्यावर आधी तेल. कच्चं, घाण्याचं. बोटांच्या टोकांनी हलकं चोळायची, पान चमकलं पाहिजे पण गळता कामा नये. मग कांदा, जाडसर दाण्याचं कूट, लसूण घातलेलं लाल तिखट, मूठभर मोडाची मटकी. मीठ सगळ्यात शेवटी, माणसं पानावर बसल्यावर. आधी घातलं की पाणी सुटतं आणि सगळ्याचा लगदा होतो. भाकरी प्रत्येकाला एकच. बाकी पोट त्या परातीनंच भरायचं.

आता माझ्याकडे उन्हाळा लागला की संध्याकाळी गॅससमोर उभं राहवत नाही. मग आत्याचीच रीत, वस्तू बदलून: काकडी, टोमॅटो, गाजर, कोबी, त्यात शिजवलेले हरभरे किंवा पनीर, वर कूट आणि लिंबू. नवरा पहिल्यांदा म्हणाला, "छान आहे, आता जेवायला वाढ."

तर लिहा. कोशिंबीर नको, ती ताटाच्या कडेची. एका ताटलीत जेवण होईल आणि रात्री अकराला चिवड्याचा डबा शोधावा लागणार नाही, असं काय करता?

सातरस्ता_सोलापूर

करडई काय भाव मिळाली?

मंद्रूपची_लेक

दहाची जुडी. बारकी होती पण कोवळी.

सातरस्ता_सोलापूर

मंगळवार बाजारात बघतो मग. मंडईत सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

कडक_भाकरी

कडक भाकरी! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. आमच्या घरी डबा भरलेलाच असतो. काकडी-टोमॅटो-कांदा मोठे मोठे चिरायचे, किसायचे नाहीत. घट्ट दही, शेंगा चटणी दोन चमचे, कोथिंबीर भरपूर. खायच्या अगदी आधी वरून कडक भाकरी हातानं मोडून टाकायची. अर्धे तुकडे दह्यात भिजतात, अर्धे कुरकुरीत राहतात, तिथंच सगळी मजा आहे. पाच मिनिटं उशीर केला तर मग काला म्हणून खा.

शेंगा चटणी उखळातली पाहिजे, तेल सुटलेली. मिक्सरमधली कोरडी भुकटी घालून मला विचारू नका का चव नाही.

बेबे_पुण्यात

काय बे, सकाळी सकाळी शेंगा चटणीचं नाव काढलं. इथं पीजीत गॅस नाय, फक्त किटली हाय. माझं रोजचं सांगतो. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधून खिडकीत. सोलापुरात उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड यायचे, इथं थंडीत दोन दिवस लागतात. मग किटलीतलं उकळतं पाणी वर ओतून झाकून ठेवायची, निथळायची. कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू, घरून आणलेली चटणी. रूममेट नागपूरचा हाय, तो वरून शेव टाकतो. टाकू दे.

पोट भरतं का? भरतं. पण मटकी वाटीभर पाहिजे, मूठभरानं काय होत नाय.

जुळे_सोलापूर_आजी

किटलीचं पाणी ओततोस ते बरं करतोस बाळा. मोड येतात ते उबेत आणि ओलाव्यात, त्यातच जंतूही वाढतात. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान लेकरू असेल तर मोड कच्चे देऊ नयेत, चांगले वाफवूनच द्यावेत. आमच्या ह्यांना साखर आहे, मी कुकरमध्ये शिट्टी न लावता दहा मिनिटं वाफवते. दाणा शिजतो पण मोडत नाही. पचायलाही हलकं.

बाकी तू जेवतोस ना नीट? आईला फोन करत जा.

बेबे_पुण्यात

करतो की आजी. रोज करतो.

विणकर_घरची

आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू. कच्चं म्हटलं की मला पच्ची पुलुसू आठवतं. चिंचेचा कोळ पाण्यात, त्यात कच्चा कांदा, भाजलेली मिरची, कोथिंबीर, गूळ, वरून फोडणी. उकळायचं नाही. पण ते भातावर, सॅलड नव्हे. माझी सून आता त्याच चिंचगुळाच्या पाण्यात थोडं तेल आणि तीळकूट फेटून कोबी-गाजर-शेंगदाण्यावर घालते. उकडलेले शेंगदाणे हं, भाजलेले नाही. ओल्या शेंगा आल्या की हे आठवड्यातून दोन-तीनदा होतं आणि पोरं भात मागत नाहीत. चिंच जास्त झाली की दात आंबतात तेवढंच.

होटगीरोड_वाला

मला हे सगळं वाचून भूक लागली आणि खरं बोलायचं तर भूक भाकरीची लागली. काकडी-गाजर म्हणजे तोंडी लावणं. त्याच्यावर माणूस जेवला म्हणतो ती फॅशन आहे. आणि आता कुणीतरी म्हणेलच की आमच्या आजी-पणजी हेच खायच्या. खायच्या, पण बरोबर दोन भाकरी आणि दिवसभर खुरपणी. खुर्चीवर बसून घोळाणा खाल्ला म्हणून कुणी आत्या होत नाही.

मंद्रूपची_लेक

आत्या एकच भाकरी खायची हो, वर लिहिलंय. 😄 बाकी तुमचं बरोबर आहे, नुसत्या काकडीनं तासाभरात पोट कोरं होतं. म्हणून तर डाळ, दाणे, पनीर, अंडी ह्यातलं काहीतरी हवंच. आणि कुटातलं तेल. बिनतेलाचं सॅलड करून उपाशी झोपण्यात अर्थ नाही.

कडक_भाकरी

होटगीरोडवाले, तुमच्यासाठीच कडक भाकरी मोडून घाला म्हणतेय. भाकरी पण झाली, सॅलड पण झालं. भांडण मिटलं.

मोहोळ_साईड

भाकरीच पाहिजे तर ज्वारीच घाला ना अख्खी. आमच्या घरची मालदांडी. त्यातलं एम 35-1 हे वाण आमच्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातलंच, म्हणून जरा जास्त बोलतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, ती मिळाली तर उत्तमच.

रीत: ज्वारी रात्रभर भिजत घाला, आठ-दहा तास तरी. सकाळी ते पाणी टाका, तिप्पट नवं पाणी, मीठ, कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि मग बारीक गॅसवर पंधरा मिनिटं. दाणा फुगतो, चावायला लागतो पण टणक नाही. चाळणीत निथळून गार करा. ओली घातली तर सगळं चिकट. त्यात कांद्याची पात, काकडी, डाळिंबाचे दाणे, भाजलेले शेंगदाणे, लिंबू, हिरव्या मिरचीचा ठेचा. एक वाटी कच्च्या ज्वारीत आम्हा चौघांचं रात्रीचं जेवण होतं. उरलेली शिजवलेली ज्वारी फ्रीजमध्ये दोन दिवस राहते. दुसऱ्या दिवशी ताकात घालून खा.

हुरड्याच्या दिवसांत मात्र काही शिजवायचं नाही. भाजलेला गरम हुरडा, त्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे. हरभऱ्याला मुळात आंब असते, लिंबू लागत नाही. आणि शेंडे खुडले म्हणून शेतमालक ओरडत नाही, खुडल्यावर फुटवे जास्त येतात.

सातरस्ता_सोलापूर

हुरडा पार्टी कुठं आहे यंदा? 🙋

मोहोळ_साईड

या की. डिसेंबर संपता संपता. सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेच्या आधी.

सातरस्ता_सोलापूर

गड्ड्याला बटाटा आणि ऊस, हेच माझं सॅलड.

डाळिंब_बागेतनं

डाळिंबाचा विषय निघालाच आहे तर. भगवा वाण घ्या, दाणे मऊ आणि गडद. घेताना हातात वजन बघा, आकाराला भुलू नका. जड फळात रस. साल थोडी बसकी, कोपरे आलेलं गोल नसलेलं फळ पिकलेलं असतं, एकदम गुळगुळीत गोल ते अजून कच्चं. सोलताना वरचं मुकुटाकडचं गोल कापून काढा, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषा दिसतात, त्या रेषांवर सालीला चिरा द्या आणि हातानं उकला. सुरी दाण्यात जात नाही, ओट्यावर रक्तपात होत नाही.

सॅलडमध्ये घालताना शेवटी घाला. दह्यात आधी घातले तर दही गुलाबी. लेकरांना आवडतं, पाहुण्यांना शंका येते.

भावाबद्दल विचारू नका, रडायला येईल. औषध फवारणीचा खर्च सांगितला तर तुम्ही दाणे मोजून खाल.

विणकर_घरची

दादा, इथं केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे ना, ते तेल्या रोगावर काही सांगतात का? माझ्या माहेरची बाग गेली त्यात.

डाळिंब_बागेतनं

सांगतात ताई. बहार कधी धरायचा, बागेला ताण कसा द्यायचा, रोगट फांद्या छाटून बागेबाहेर नेऊन जाळायच्या, सगळं सांगतात. कात्री दरवेळी निर्जंतुक करायची हे सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी करत नाही. पावसात फार पसरतो तो. माहेरच्यांना माझा निरोप सांगा, वेगळं बोलू.

उन्हाळी_काकडी

धागा डाळिंबाच्या बागेत गेला. 😂 परत आणते.

आमचं घर कन्नड-मराठी. कोसंबरी! मुगाची डाळ तासभर भिजवा, नखानं तुटली की झाली, जास्त भिजली तर पिठूळ लागते. चाळणीत अर्धा तास निथळू द्या, ही पायरी चुकवू नका. काकडी बारीक चिरा, ओलं खोबरं, लिंबू, मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी गार करून. रामनवमीला प्रसादाला वाटीभर करतात, मी एप्रिल-मेमध्ये पातेलंभर करते आणि तेच रात्रीचं जेवण. पारा 44 ला गेला की पोळ्या लाटणार कोण? गाजर किसून घातलं तरी चालतं, कच्ची कैरी किसून घातली तर लिंबू वगळा. सासऱ्यांना त्याबरोबर एक केळं लागतं, का ते माहीत नाही, लागतं.

बँकेतली_वहिनी

सगळे चिरा चिरा म्हणताय, धुण्याचं बोला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. पालेभाजी धुवायची म्हणजे हिशेब. मी मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी करून जुडी सुटी करून बुडवून ठेवते, दहा मिनिटं. माती तळाशी बसते. मग पानं *वरून उचलून* काढायची, पातेलं चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर तीच माती परत पानांवर. असं दोनदा. शेवटचं धुणं बिनमिठाचं, ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला. मिठाचं मोरीत.

कच्चं खायचं तर एवढं करायलाच पाहिजे. कोबी-फ्लॉवरला तर जास्तच.

जुळे_सोलापूर_आजी

वरून उचलून, अगदी बरोबर. आणि धुतल्यावर पंचावर पसरून कोरडं करायचं. ओल्या पानाला तेल चिकटत नाही, मग कूटही खाली बसतं.

तुमच्याकडे आज पाणी आहे का? आमचा परवा दिवस होता, अजून पत्ता नाही.

बँकेतली_वहिनी

आमच्याकडे आज पहाटे साडेतीनला आलं आजी. झोपेची वाट.

बेबे_पुण्यात

सोलापूर सोडल्याचं एकच सुख, पाण्यासाठी उठावं लागत नाय. बाकी लई आठवण येते बे.

अंडेवाला_प्रोफेसर

अंड्याबद्दल एकाच ओळीत उल्लेख, निषेध. उकडलेली अंडी, उकडलेला बटाटा, कच्चा कांदा, शिमला मिरची, मेथीची कोवळी पानं. पिवळा बलक दह्यात कुस्करून मीठ-मिरपूड-मोहरीची पूड घाला, झाला वरचा रस्सा. बाहेरचं मेयोनीज लागत नाही. मेथी बारीक, एक मूठच, नाहीतर कडू. बटाटा गार करून कापा, गरम असताना घातला तर मेथी मान टाकते. उन्हाळ्यात डब्यात नेणार असाल तर अंडं-दही नको, तिथं हरभरेच बरे.

होटगीरोड_वाला

बरं, ज्वारीचं करून बघितलं आज दुपारी. घरात भिजवलेली नव्हती, शेजारणीकडं होती, तिच्याकडनं वाटीभर शिजलेली आणली. ठेचा जरा जास्त घातला. वाईट नाही.

भाकरी एक खाल्लीच बरोबर.

मोहोळ_साईड

ज्वारीबरोबर ज्वारीची भाकरी! 🙏

कडक_भाकरी

शेजारणीकडं शिजवलेली ज्वारी तयार असते? कुठल्या भागात राहता, मला तिथं घर बघायचंय.

उन्हाळी_काकडी

करडईचं एक विचारायचं होतं. जुडी आणली पण पानांना टोकाला बारीक काटे लागतायत बोटाला. कच्ची चालेल का?

मंद्रूपची_लेक

नाही, ती निबर झाली. कच्ची खाल्ली तर घशाला टोचेल. तिची भाजी करा, तुरीची डाळ आणि लसूण घालून. घोळाण्याला फक्त वरची चार-सहा पानं, बोटात धरल्यावर मऊ लागतील तीच. किंवा यंदा मेथी घ्या, शेपू एक काडी मिसळा, कूट जाडच ठेवा.